‘हॅम्लेट’ : परीक्षेतले आणि मराठीतले

परीक्षेचा हंगाम जवळ आला की लष्करातील माझ्या घराच्या ओसरीवर दरसाल चार-दोन माजी विद्यार्थी येऊन बसतात. शाळा सोडून ते महाविद्यालयात गेलेले असतात, बी. ए.ला इंग्रजी वाङ्मय घेतलेले असते, आणि शेक्सपिअरची एखादी शोकांतिका, बहुधा ‘हॅम्लेट’, त्यांच्या मानगुटीस बसलेली असते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, यंदा काय विचारतील?’ आणि माझे उत्तरही अनेक वर्षे ठरलेले होते : ‘विलंबाचे कारण विचारतील.’ मग मी विलंबाची पाच कारणे सांगत असे आणि ते ती उतरवून घेत असत. या व्यवहारात शिक्षक, विद्यार्थी आणि परीक्षक असे तिघेही संतुष्ट होत. असंतुष्ट राहत असेल तर तो एकटा हॅम्लेट. प्रस्तुत लेखात या व्यवहाराची थोडी झडती घ्यावी, आणि मराठी विद्यार्थ्यापाशी या नाटकाच्या अध्ययनाचे एक साधन जन्मतःच असूनही आपण शिक्षक ते त्याच्या हाती का देत नाही, याचा विचार करावा, असा हेतू आहे.

ग्वाल्हेरात बसून शेक्सपिअरविषयी लिहावे, यात काही विशेष औचित्य आहे असा माझा दावा नाही. तथापि नाटक ही वस्तू या भूमीला परकी नाही. भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’तील पद्मावती नगरी ती आपल्या जवळचे पवाया होय, असे संशोधक मानतात, ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे यांनी त्या स्थळाचा शोध घेऊन त्यावर लिहिले आहे. ज्या कवीने करुण हाच एक मूळ रस मानला, त्याच्या नाटकातील नायक-नायिका या परिसरात वावरल्या. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही येथे दोनदा भरले : १९२८ साली माधव श्रीहरी अणे आणि १९६१ साली कुसुमावती देशपांडे अध्यक्षस्थानी होत्या. म्हणजे महाराष्ट्रापासून दूर असलो तरी मराठीत विचार करण्याची सवय आपण सोडलेली नाही. प्रश्न इतकाच, की इंग्रजीच्या तासाला ही सवय आपण वर्गाच्या दाराबाहेर का ठेवतो?

आता विलंबाच्या प्रश्नाकडे वळू. पित्याच्या पिशाचाने खुनाची हकीकत सांगून सूड घेण्याची आज्ञा केली, तरी हॅम्लेट ती तत्काळ पाळत नाही, का? हा प्रश्न आज इतका स्वाभाविक वाटतो, की तो नाटकाबरोबरच जन्मास आला असे विद्यार्थी समजतो. वस्तुतः प्रश्नांनाही इतिहास असतो. १७६५ साली जॉन्सनने शेक्सपिअरची आवृत्ती काढली, तेव्हा हॅम्लेट हा कर्ता असण्यापेक्षा घटनांच्या हातचे साधन आहे, इतकेच त्याने नोंदविले. गटेने त्याला एका सुकुमार पात्राची उपमा दिली, ज्यात ओकचे झाड लावले आणि पात्र फुटले. कोलरिजने विचाराचा अतिरेक हे कारण पुढे केले. १९०४ साली ब्रॅडलेची व्याख्याने प्रसिद्ध झाली आणि त्यांत विषण्णतेच्या व्याधीला प्राधान्य मिळाले. १९१९ साली एलियटने तर नायकाच्या भावनेला नाटकात पुरेसे वस्तुनिष्ठ अधिष्ठानच नाही असे म्हणून ही कृतीच फसली असा निर्वाळा दिला. आपल्या मार्गदर्शिकांतील पाच कारणे म्हणजे या दीडशे वर्षांच्या वादाचा रस काढून उरलेला चोथा होय. ज्यांनी ती मते मांडली त्यांनी नाटक पुनःपुन्हा वाचून मांडली. ज्यांना ती पाठ करावयाची आहेत त्यांना नाटक वाचण्याची गरजच उरत नाही.

शिवाय नाटक वाचले तर या प्रश्नाचे रूपच बदलते. पहिल्या अंकात राजाच्या मृत्यूला पुरते दोन महिनेही झालेले नाहीत. तिसऱ्या अंकात, नाटकातील नाटकाच्या प्रसंगी, ऑफिलिया चार महिन्यांचा उल्लेख करते. म्हणजे मध्यंतरी सुमारे दोन महिने गेले. पिशाच खरे की सैतानाची माया, याची खातरजमा करण्यात हा काळ गेला असे म्हणता येते; त्यात शैथिल्य होते असेही म्हणता येते. आणखी एक गोष्ट फार थोडे विद्यार्थी जाणतात. चौथ्या अंकातील ज्या स्वगतात हॅम्लेट स्वतःच्या दिरंगाईबद्दल स्वतःची सर्वांत स्पष्ट निर्भर्त्सना करतो, ते १६०४ च्या प्रतीत आहे. १६२३ च्या ‘फोलिओ’त नाही. जे भाषण या प्रश्नाचा मुख्य साक्षीदार म्हणून आपण उभे करतो, ते नाटकाच्या एका जुन्या, प्रमाणभूत प्रतीत मुळी नाहीच. एवढे एक सत्य वर्गात सांगितले तरी पाच कारणांचा आत्मविश्वास काहीसा डळमळेल, आणि तो डळमळणे इष्ट आहे.

येथे मला माझ्याच एका अपराधाची कबुली द्यावयाची आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी अशाच काही विद्यार्थ्यांची मी घरी सराव-परीक्षा घेतली. राणी गर्ट्रूडच्या पुनर्विवाहासंबंधी प्रश्न होता. एका शेतकरी घरातील मुलाने लिहिले, की राणीने दिराशी लग्न केले यात एवढे अघोर काय झाले हे आपल्याला कळत नाही. आपले थोरले काका वारले तेव्हा घरच्यांनी काकूचा धाकट्या काकांशी पाट लावून दिला, त्यामुळे शेत आणि लेकरे दोन्ही घरात राहिली, आणि काकूला कोणी नावे ठेवली नाहीत. मी त्या परिच्छेदावर तांबडी रेघ ओढली, समासात ‘विषयांतर’ असे लिहिले आणि गुण दिले नाहीत. पुढे त्याने मार्गदर्शिका पाठ केली व तो उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला. त्याने ते नाटक पुन्हा कधी उघडले असेल असे मला वाटत नाही.

तो परिच्छेद विषयांतर नव्हता. त्या गठ्ठ्यातील नाटकाला भिडणारा तो एकच परिच्छेद होता, हे मला फार उशिरा उमगले. डेन्मार्कच्या दरबारात या विवाहाला कोणीही हरकत घेत नाही. आपण सर्वांच्या संमतीने हे केले, असे राजा क्लॉडियस पहिल्याच भाषणात सांगतो आणि सभा ते मुकाट्याने ऐकून घेते. या विवाहाला अगम्यगमनाचे नाव देणारे दोघेच : एक पिशाच आणि दुसरा हॅम्लेट. स्वतः राणीला खटकते ती घाई. मुलाच्या वेडाचे कारण शोधताना ती आपल्या उतावळ्या विवाहाचाच उल्लेख करते, नात्याचा नव्हे. मग हॅम्लेटचा उद्वेग हा धर्माचा, की पुत्राच्या दुखावलेल्या मनाचा? दरबार आंधळा आहे, की हॅम्लेट एकटाच जास्त पाहतो? त्या मुलाचा प्रश्न नेमका येथे येऊन पोचत होता.

त्या काळच्या इंग्लंडातही हा प्रश्न केवळ घरगुती नव्हता. आठव्या हेन्रीने १५०९ साली आपल्या दिवंगत भावाच्या विधवेशी, कॅथरिनशी, पोपच्या खास अनुज्ञेने विवाह केला. पुढे भावजयीशी विवाह धर्मबाह्य आहे, याच मुद्द्यावर त्याला तो मोडावयाचा होता, आणि १५३३ साली तो रद्द ठरविण्यात आला. त्याच वर्षी दुसऱ्या राणीच्या पोटी एलिझाबेथचा जन्म झाला. म्हणजे भावजयीशी झालेला विवाह अवैध, या निर्णयावरच एलिझाबेथचे औरसत्व आणि सिंहासनावरील हक्क उभे होते. ती १६०३ साली मरण पावली. ‘हॅम्लेट’ची पहिली छापील प्रतही त्याच वर्षीची. त्या प्रेक्षकाला हा विषय किती धगधगीत वाटला असेल याची कल्पना यावरून येते. ज्याच्या घरी पाट लागतो त्या मुलाला, आणि ज्याच्या राणीचा मुकुट या नियमावर टेकला आहे त्या प्रेक्षकाला, एकच नाटक दोन वेगळ्या बाजूंनी दिसणार. शिक्षकाचे काम या दोन दृष्टी समोरासमोर आणण्याचे होते; मी त्यांतील एक खोडून टाकली.

या संदर्भात आपल्या भाषेतील जुन्या ‘हॅम्लेट’चे स्मरण होणे अपरिहार्य आहे. शेक्सपिअर मराठीत आणण्याचा आरंभ १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या ‘ऑथेल्लो’ने झाला. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक व आगरकर यांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्या बंदिवासाच्या दिवसांत आगरकरांनी ‘हॅम्लेट’च्या भाषांतराला हात घातला, आणि १८८३ साली ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या रंगभूमीवर गणपतराव जोशी यांनी त्यातील चंद्रसेनाच्या, म्हणजे हॅम्लेटच्या, भूमिकेने मराठी प्रेक्षकाला वेड लावले. पुढे १८९० साली देवलांचा ‘झुंझारराव’ आला. १९५४ साली शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’चा ‘राजमुकुट’ केला, १९६१ साली त्यांचाच ‘ऑथेल्लो’ आला, आणि १९७४ साली विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ मराठीत आणला. ही परंपरा लहान नाही. परंतु इंग्रजी वाङ्मयाच्या परीक्षेस बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला तिचा पत्ताही नसतो.

‘विकारविलसित’ या नावातच एक समीक्षा दडलेली आहे. विकार म्हणजे मनोवृत्तीचा क्षोभ, आणि रोग हाही त्याचा अर्थ. विलसित म्हणजे लीला, खेळ, प्रकट होणे. कोलरिजच्या वाटेने जाणारे विचाराच्या अतिरेकाकडे बोट दाखवीत होते. आगरकरांनी मुखपृष्ठावरच विकाराला अग्रस्थान दिले. ब्रॅडलेची विषण्णतेची मीमांसा छापली गेली त्याच्या एकवीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. आगरकरांनी ब्रॅडलेचा सिद्धान्त आधीच मांडला असे म्हणण्याचा अतिउत्साह मी करणार नाही. पण शीर्षकाला मराठी शब्द शोधावयाचा, तर नाटक कशाविषयी आहे हे आधी ठरवावे लागते, आणि ते त्यांनी ठरविले. परीक्षेच्या उत्तरात आपला विद्यार्थी जे टाळू शकतो, ते भाषांतरकाराला टाळता येत नाही.

आणि याच ठिकाणी एक विलक्षण पेच आहे. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता, तरी आगरकरांच्या काळी पांढरपेशा समाजात पुनर्विवाह करणारी स्त्री वाळीत पडत असे. पुढे १८८८ साली ‘सुधारक’ काढून विधवांच्या बाजूने झुंजणारा हा पुरुष, आईच्या पुनर्विवाहाने ज्याचे चित्त भ्रष्ट होते अशा पुत्राचे नाटक मराठीत आणीत होता. पात्रांना आपली नावे दिली आणि देश आपला केला, की डेन्मार्कची राणी ही आपल्यांतील एक विधवा होते. मग प्रेक्षागृहातील सनातनी मनुष्य चंद्रसेनाचा संताप ऐकून मान डोलावणार नाही काय? ‘पाहा, विधवेने लग्न केले की असा सर्वनाश होतो,’ असे तात्पर्य तो घरी घेऊन जाणार नाही काय? रूपांतराचा हा धोका खरा आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. मूळ नाटकात उद्वेगाचे विषय तीन : दोन महिन्यांच्या आतली घाई, दिवंगताच्या सख्ख्या भावाशी नाते, आणि त्या भावाची हीन योग्यता. विधवेने विवाह करणे हा सर्वसाधारण दोष दरबार मानीत नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी वेष चढविताच हा चौथा विषय न बोलावता येऊन बसतो. हे वर्गात उलगडून दाखविले, तर विद्यार्थ्याला ‘हॅम्लेट’ही कळेल, आगरकरांचे धाडसही कळेल, आणि रूपांतर म्हणजे काय हेही कळेल.

रूपांतराने काही गोष्टी हरवतात, काही अनपेक्षितपणे सापडतात. पापक्षालनाच्या ज्या मधल्या लोकातून पिशाच येते, त्या ख्रिस्ती कल्पनेला आपल्याकडे नेमका पर्याय नाही. अतृप्त पितराची कल्पना तिच्या शेजारी ठेवता येते, तिच्या जागी नव्हे. उलट, प्रार्थनेस बसलेल्या क्लॉडियसला हॅम्लेट मारीत नाही, कारण त्या क्षणी मारला तर तो सद्गतीला जाईल, हा तर्क अनेक आधुनिक इंग्रजी वाचकांना सबब वाटतो. जॉन्सनला तर तो इतका भयंकर वाटला, की असे विचार वाचवत नाहीत असे त्याने नमूद केले. अंतकाळी जशी मती तशी गती, हे ज्याने आजीच्या तोंडून ऐकले आहे, त्या मराठी मुलाला हा तर्क सबब वाटणार नाही. त्यातली क्रूरता मात्र त्याला जॉन्सनइतकीच जाणवेल : शत्रूचा देह मारून या सूडाचे समाधान होत नाही, त्याला त्याची गतीही बिघडवावयाची आहे.

परंतु मराठी विद्यार्थ्यापाशी असलेले जे साधन मी आरंभी सूचित केले, ते याहून साधे आहे. ते म्हणजे द्वितीय पुरुषाचे सर्वनाम. शेक्सपिअरच्या इंग्रजीत ‘दाऊ’ आणि ‘यू’ असे दोन प्रकार होते; स्थूलमानाने पहिला एकेरी, दुसरा आदरार्थी किंवा अंतर राखणारा. आजच्या इंग्रजीत हा भेद उरला नाही, म्हणून आजचा इंग्रज विद्यार्थी त्यावरून डोळे फिरवून पुढे जातो. आपण मात्र दिवसातून शंभर वेळा ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करीत असतो. कोणाला अरे-तुरे करावे आणि कोणाला अहो-जाहो, हे आपल्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. या कानाने ‘हॅम्लेट’ वाचले की काय ऐकू येते ते पाहा.

पहिल्या अंकाच्या दरबारी प्रवेशात क्लॉडियस लेअर्टीसशी आदरार्थी बोलू लागतो आणि त्याच भाषणात लाडाने एकेरीवर उतरतो. जणू परक्याच्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवितो. लगेच तो हॅम्लेटकडे वळतो. ज्याला तो पुत्र म्हणतो, त्याच्याशी मात्र तो आदरार्थीच बोलत राहतो. दत्तक बाप ‘बाळ’ म्हणतो आणि सर्वनामाने परका ठेवतो. आई त्या प्रवेशात मुलाला एकेरीने संबोधते. मुलगा तिला आदरार्थी उत्तर देतो आणि ‘मॅडम’ म्हणतो. घरात काय बिनसले आहे हे कळायला याहून अधिक काय हवे?

तिसऱ्या अंकातील राणीच्या महालाचा प्रवेश तर या दृष्टीने अभ्यासाचा नमुनाच होय. आई एकेरीत रागावते, तू तुझ्या बापाला दुखावलेस अशा आशयाचे. मुलगा तिचेच वाक्य तिच्यावर उलटवतो, पण ‘तू’च्या जागी ‘यू’ घालून, आणि ‘बाप’ या शब्दाचा अर्थही बदलून. तिच्या तोंडी बाप म्हणजे क्लॉडियस; त्याच्या तोंडी मेलेला राजा. आणि पुढच्याच वाक्यात आईही एकेरी सोडून आदरार्थीवर जाते. चार वाक्यांत माय-लेकरांतील अंतर किती वाढले, हे सर्वनामांनी मोजून दाखविता येते.

आता हे मराठीत आणावयाचे कसे? येथे खरी परीक्षा सुरू होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आई म्हणजे ‘तू’. तिला ‘तुम्ही’ म्हणणारा मुलगा रुसलेला तरी असतो किंवा दुरावलेला. मग हॅम्लेटच्या तोंडी ‘तुम्ही’ घातले की दुरावा तंतोतंत उतरतो. परंतु या ग्वाल्हेरात सरदार घराण्यांतून मुले आईला ‘आईसाहेब’ आणि ‘आपण’ म्हणत आली आहेत, आणि त्यात रीत आहे, दुरावा नाही. हॅम्लेट राजपुत्र; मग त्याचा आदरार्थी प्रयोग ही राजघराण्याची रीत, की पुत्राचा रोष? पहिल्या अंकात रीत आणि तिसऱ्या अंकात रोष, असे तर नाही? दोन घरांतून आलेले दोन विद्यार्थी येथे दोन उत्तरे देतील, आणि दोघांनाही आपल्या उत्तरासाठी पुन्हा नाटकात शिरावे लागेल. पाच कारणांच्या यादीने हे कधी घडले नाही.

याच मार्गाने पुढे गेले, तर खुद्द विलंबाच्या प्रश्नावरही काही प्रकाश पडतो. समोरासमोर बोलताना हॅम्लेट क्लॉडियसला टोमणे मारतो, कोडी घालतो, पोलोनियसच्या प्रेतावरून त्याची थट्टा करतो; पण सर्वनाम राखतो. शेवटच्या प्रवेशात विषारी तलवार चालवून, विषाचा पेला त्याच्या तोंडाशी लावताना तो त्याला प्रथमच एकेरीवर आणतो. नाटकभर जो ‘आपण’ होता, तो मरतेवेळी ‘तू’ होतो. सूड मनात पहिल्या अंकापासून होता. तोंडावर तो येण्यास पाचवा अंक उजाडला. ज्याला राजा म्हणून संबोधावे लागते त्याला मारता येत नाही, आणि त्याला ‘तू’ म्हणता आले तेव्हा मारताही आले, असे मी म्हटले तर ते विलंबाचे सहावे कारण ठरू नये. ती केवळ नाटकात ऐकू येणारी एक गोष्ट आहे, आणि ती ऐकण्यासाठी ब्रॅडलेची नव्हे, मराठी कानाची गरज लागते.

सर्वनामांचा हिशेब यंत्रवत् मांडू नये, हेही येथेच बजावले पाहिजे. ऑफिलियाला मठात जाण्यास सांगताना हॅम्लेट एकेरी वापरतो आणि त्याच प्रवेशात आपल्या पूर्वीच्या प्रेमाविषयी बोलताना आदरार्थी. येथे एकेरी प्रेमाची, की तुच्छतेची? आपल्या भाषेतही ‘तू’ देवाला, आईला आणि भांडणात शत्रूला सारखाच लागतो. नियम पाठ करून हा प्रश्न सुटत नाही. प्रसंग वाचावा लागतो. म्हणूनच तो प्रश्न चांगला.

सर्वनामांप्रमाणे काही नामेही विद्यार्थ्याला अडवितात, आणि अडविणे हेच त्यांचे उपकार. तिसऱ्या अंकातील सुप्रसिद्ध स्वगतात ‘कॉन्शन्स’ हा शब्द येतो. त्याने आपण सारे भित्रे होतो, असा आशय आहे. त्या काळच्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ सदसद्विवेकबुद्धी असा होता आणि जाणीव किंवा आतला विचार असाही होता. इंग्रजीतून उत्तर लिहिणारा विद्यार्थी तो शब्द जसाच्या तसा उतरवतो आणि सुटतो. मराठीत लिहिणाऱ्याला ‘सदसद्विवेक’ की ‘विचार’ हे ठरवावेच लागते. ‘सदसद्विवेक’ म्हटले, तर हॅम्लेटला अडविणारी नीती ठरते. ‘विचार’ म्हटले, तर कोलरिज जिंकतो. नाटकात हाच शब्द अन्यत्रही आहे. राजाचे मन नाटकाच्या सापळ्यात पकडावयाचे ठरते, तेथे. आणि दोन जुन्या मित्रांना मृत्यूच्या तोंडी धाडल्याचा आपल्या मनाला डंख नाही असे हॅम्लेट म्हणतो, तेथेही. या दोन्ही ठिकाणी नैतिक अर्थ उघड आहे. मग स्वगतात वेगळा का असावा, किंवा का नसावा? एका शब्दाच्या भाषांतराने विद्यार्थी ब्रॅडले-कोलरिजांच्या वादात स्वतःच्या पायांनी उतरतो.

याला एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. परीक्षा इंग्रजीची आहे. उत्तर इंग्रजीत लिहावयाचे आहे. मराठीचा हा वळसा विद्यार्थ्याला परवडणार कसा? दुसरे, आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मुलांची मराठी तरी आता कुठे निर्मळ राहिली आहे? ती घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलतात. पहिल्या आक्षेपाला माझे उत्तर असे, की वळसा नाटकाकडे जाण्याचा आहे, उत्तरपत्रिकेकडे जाण्याचा नव्हे; नाटकाकडे पोचलेला विद्यार्थी उत्तर कोणत्याही भाषेत लिहू शकतो. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर असे, की हिंदीतही ‘तू’, ‘तुम’ आणि ‘आप’ आहेत; हे साधन आमच्या मुलाने निम्मे हरवलेले नाही, दुप्पट कमावले आहे. फक्त आपल्या बोलीचा शेक्सपिअरशी काही संबंध असू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. त्याने तसे लिहिले तर आपण समासात ‘विषयांतर’ लिहितो.

म्हणून शिक्षकबंधूंपुढे आणि परिषदेच्या सभासदांपुढे एक अगदी अल्प सूचना ठेवतो. वर्षभरात एकच प्रवेश निवडावा, राणीच्या महालाचा. प्रत्येक विद्यार्थ्याने त्यातील वीस ओळी आपल्या घरच्या मराठीत आणाव्यात, आणि प्रत्येक सर्वनामाचे कारण एका वाक्यात द्यावे. त्यानंतर आगरकरांची प्रत उघडून त्यांनी काय केले ते पाहावे, आणि ते पटत नसेल तर का पटत नाही ते लिहावे. जुन्या प्रती आपल्या ग्रंथसंग्रहांच्या कपाटांत आहेत. कुलपे तेवढी उघडावयाची आहेत. गेली तीन वर्षे मी ओसरीवरच्या मुलांकडून हे करवून घेत आहे. गुण वाढले की नाही याचा हिशेब मी ठेवलेला नाही. मुले आता ‘काय विचारतील’ असे विचारण्याआधी ‘सर, हे असे का म्हणाला?’ असे विचारतात, एवढे मात्र सांगू शकतो.

गेल्या वर्षी एका मुलीने मला निरुत्तर केले. होरेशिओ हा हॅम्लेटचा जिवलग मित्र. हॅम्लेट त्याला मोकळेपणी एकेरीत हाक मारतो. पण होरेशिओ नाटकभर अदब सांभाळून ‘यू’ म्हणत राहतो. हॅम्लेटने प्राण सोडल्यावर मात्र त्याला निरोप देताना होरेशिओच्या तोंडी एकेरी येते. मी ती ओळ तीस वर्षे शिकवीत आलो आणि मला ते कधी दिसले नाही. मुलगी म्हणाली, ‘सर, आमचे आजोबा गेले तेव्हा आजी तसंच बोलली. जन्मभर अहो म्हणाली, आणि त्या दिवशी अरे म्हणाली.’

मी तिला त्यावर काही लिहून दिले नाही. तिच्या वहीत तिने स्वतःच ते लिहिले, आणि या वेळी मी समासात रेघ ओढली नाही.